ठाकुर्लीच्या घरासाठी एसी : भिंत, हवा आणि वीज

घरातला एसी एकाच वेळी दोन कामे करतो. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो आणि हवेतल्या वाफेचे पाणी करून तेही बाहेर काढतो. कोरड्या मुलखात हे दुसरे काम नाममात्र असते. डोंबिवलीशेजारच्या ठाकुर्लीत ते नाममात्र नाही. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, मध्ये ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर, उत्तरेला उल्हास नदीचे पात्र. समुद्रावरचा वारा मुंबईकरांना दुपारीच गाठतो. इथे तो उशिरा आणि थकून येतो, पण दमटपणा मात्र पुरेपूर आणतो. मे महिन्यात दुपारचा पारा मुंबईपेक्षा वर आणि रात्र तिच्याइतकीच घामट, अशी ही दुहेरी पंचाईत आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर तीच गत पुन्हा होते. म्हणून इथल्या एसीची निवड करताना ‘किती थंड करतो’ याच्या जोडीला ‘किती कोरडे करतो’ हेही विचारावे लागते.

कूलरचा प्रश्न याच हिशेबात निकाली निघतो. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि हवा जितकी कोरडी तितकी ती जास्त गार होते. नागपुरात मे महिन्यात 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर कूलरच्या हवेला तत्त्वतः 23 अंशांपर्यंत उतरता येते. ठाकुर्लीत 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असेल, तर हीच मर्यादा 28 अंशांवर अडते, आणि प्रत्यक्षात मिळणारी हवा त्याहून अंशा-दोन अंशांनी गरमच असते. वर ती ओलीचिंब. विदर्भातल्या घरी गवताच्या ताट्यांच्या कूलरने उन्हाळे सुखात काढलेली माणसे कल्याण-डोंबिवलीत आली की पहिल्या उन्हाळ्यात तोच कूलर घेतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तो माळ्यावर जातो.

एसीची क्षमता टनात मोजतात. हे माप बर्फाच्या धंद्यातून आले आहे. एकोणिसाव्या शतकात बोस्टनहून जहाजाने येणारा बर्फ मुंबईतही विकला जात असे आणि तो साठवायला शहरात बर्फघर होते. पुढे यंत्रे आली तेव्हा, एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता उपसणारे यंत्र एक टनाचे, असे ठरले. आजच्या मापात ते सुमारे साडेतीन किलोवॅट होते. ही उष्णता उपसण्याची ताकद आहे, विजेचा खर्च नव्हे. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो, पण पूर्ण जोरात असताना वीज साधारण दीड किलोवॅटच्या आसपास खातो.

जुन्या इमारतींतल्या दहा बाय दहाच्या किंवा दहा बाय बाराच्या बेडरूमला एक टन पुरतो. दीडशे चौरस फुटांच्या पुढे दीड टन लागतो. हा हिशेब मधल्या मजल्यावरच्या, दारे-खिडक्या नीट बंद होणाऱ्या खोलीचा. खोली पश्चिमेची असेल आणि वर थेट गच्चीचा स्लॅब असेल तर गणित बदलते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. डोंबिवली-ठाकुर्लीच्या असंख्य इमारतींवर गळती थांबवण्यासाठी पत्र्याची शेड चढवलेली दिसते. तिचा एक अनपेक्षित फायदा असा की स्लॅबवर थेट ऊन पडत नाही. अशी शेड असलेल्या वरच्या मजल्याला बहुधा मोठा एसी लागत नाही. नसेल तर एक पायरी वर जावे.

‘थोडा मोठाच घेऊ’ हा सल्ला मात्र दमट हवेत अंगाशी येतो. गरजेपेक्षा मोठा एसी पाच-सात मिनिटांत ठरलेल्या अंशावर पोचतो आणि कॉम्प्रेसर बंद करतो. वाफेचे पाणी व्हायचे तर हवा थंड कॉइलवरून बराच वेळ फिरावी लागते, तो वेळच मिळत नाही. मग खोली गार पण दमट राहते, चादर ओलसर लागते आणि माणूस रिमोटवर 24 चे 20 करतो. वाफेचे एक लिटर पाणी करायला जवळपास 0.7 युनिटइतकी उष्णता उपसावी लागते, आणि दमट रात्री दीड टनाच्या एसीच्या नळीतून तासाला लिटरभर पाणी सहज येते. पावसाळ्यात, हवा फार गरम नसताना, रिमोटवरचा ‘ड्राय’ पर्याय याच कामासाठी असतो. पंखा मंद ठेवून तो पाणी काढण्यावर भर देतो. बहुतेक घरांत ते बटण कधी दाबलेच जात नाही.

आता प्रकार. दुकानात प्रश्न ‘विंडो की स्प्लिट’ असा विचारला जातो, पण त्याचे उत्तर बहुधा इमारतीच्या भिंतीने आधीच देऊन ठेवलेले असते. विंडो एसीत कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल आणि पंखे एकाच डब्यात असतात. डब्याचे तोंड खोलीत, पाठ बाहेर. गॅसचे सगळे जोड कारखान्यातच केलेले असल्याने बसवताना चुकण्यासारखे फार काही राहत नाही. खिडकीत किंवा भिंतीतल्या चौकटीत ठेवा, मागे किंचित उतार द्या, प्लग लावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी हा मोठाच गुण आहे, कारण अकरा महिन्यांनी घर बदलले तर चार माणसे तो उचलून टेम्पोत टाकतात. गॅस काढणे-भरणे, पाईप कापणे असले काही नाही. दोष म्हणजे कॉम्प्रेसर उशापाशी घरघरतो, खिडकीचा उजेड जातो, आणि पन्नासेक किलोचे वजन चौकटीवर येते. जुन्या लाकडी चौकटीला ते पेलते. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला पेलत नाही. तिथे खाली लोखंडी अँगलचा आधार करावाच लागतो, आणि उरलेल्या फटी प्लायने बुजवल्या तरी पावसाचे पाणी वाट शोधतेच.

स्प्लिटमध्ये गोंगाट करणारा भाग बाहेर जातो आणि आतल्या युनिटचा आवाज पंख्यापेक्षा कमी असतो. भिंतीला लागते ते फक्त अडीच-तीन इंचांचे भोक. म्हणूनच आज बाजार स्प्लिटचा आहे. मात्र स्प्लिट घेणाऱ्याने इनडोअरच्या रंगरूपापेक्षा आउटडोअर कुठे बसणार हे आधी पाहावे. ठाकुर्लीत हा प्रश्न दोन अगदी वेगळ्या रूपांत समोर येतो.

पहिले रूप जुन्या इमारतींचे. चोळेगावात आणि स्टेशनच्या आसपास तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या, चाळीस वर्षांच्या इमारती भरपूर आहेत. इथे आउटडोअरला दोनच जागा असतात, खिडकीवरचा छज्जा किंवा भिंतीला ठोकलेला लोखंडी ब्रॅकेट. छज्जा पोकळ झालेला असेल, सळ्या गंजून सिमेंटचे पोपडे सुटत असतील, तर तीस-चाळीस किलोचे थरथरते वजन त्यावर ठेवणे धोक्याचे. ठाकुर्लीत जुलै 2015 मध्ये राहती जुनी इमारत कोसळून माणसे गेली होती. कल्याण-डोंबिवली महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्या यादीत आपली इमारत असेल, किंवा सोसायटीचे स्ट्रक्चरल ऑडिट रखडले असेल, तर भिंतीत मोठे बोल्ट ठोकण्याआधी सोसायटीला विचारलेले बरे. ब्रॅकेट लावायचाच तर तो विटेच्या भरावात नव्हे, बीममध्ये किंवा कॉलममध्ये लावावा. बोल्ट गंज न धरणारे असावेत, कारण इथल्या पावसात साधे लोखंड दोन-तीन वर्षांत लाल होते.

आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही : उद्या हे यंत्र दुरुस्त करायला माणूस तिथवर पोचणार कसा? तिसऱ्या मजल्याच्या बाहेर, खाली काही नाही अशा जागी ब्रॅकेट लावला, तर प्रत्येक सर्व्हिसला एखादा तरुण कमरेला दोरी बांधून खिडकीतून बाहेर लटकतो. तो आत येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. काही मेकॅनिक सरळ नकार देतात, काही जण जास्त पैसे मागतात, आणि काही जण बाहेरचे युनिट न धुताच ‘झाले’ म्हणून सांगतात. खिडकीच्या ग्रिलला दार असेल आणि आउटडोअर हाताच्या अंतरावर असेल, तर हे तिन्ही टळते.

ग्रिलचाच मोह म्हणजे आउटडोअर ग्रिलच्या खोक्यात किंवा बंद केलेल्या बाल्कनीत बसवणे. युनिट सुरक्षित राहते, पण ते ज्या हवेत उष्णता टाकते तीच हवा पुन्हा ओढते. बाहेर 34 अंश असताना त्या कोंडलेल्या बाल्कनीत 45 होतात, आणि एसी प्रत्यक्षात नागपूरच्या दुपारी चालल्यासारखा राबतो. वीज वाढते, थंडावा कमी होतो आणि दोष कंपनीला दिला जातो. आउटडोअरच्या पंख्यासमोर निदान काही फूट मोकळी हवा हवी, आणि मागे वीतभर जागा.

दुसरे रूप नव्या टॉवरचे. नव्वद फुटी रस्त्यावर आणि खंबाळपाड्याकडे उभ्या राहिलेल्या इमारतींत बिल्डरने आउटडोअरसाठी कट्टा काढलेला असतो, आणि बाहेरच्या भिंतीवर इतरत्र काही लावायला सोसायटी मनाई करते. विंडो एसीचा प्रश्नच मिटतो. पण हा कट्टा पुष्कळदा अरुंद डक्टमध्ये असतो. तिथे वीस मजल्यांची आउटडोअर एकावर एक, आणि खालच्यांची गरम हवा वर चढत जाते. अशा डक्टमधल्या वरच्या मजल्यांनी क्षमता काठावरची घेऊ नये. कट्टा बेडरूमपासून लांब असेल तर तांब्याच्या पाईपची लांबी वाढते. एसीसोबत साधारण तीन मीटर पाईप मिळतो. पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे, आणि फार लांबल्यास गॅसही वाढवावा लागतो. घराचा ताबा घेताना बिल्डरने पाईप आधीच भिंतीत गाडलेले असतील, तर ते कोणत्या जाडीचे आहेत आणि तोंडे बंद आहेत का हे पाहावे. उघड्या तोंडाने दोन पावसाळे काढलेला पाईप नव्या कॉम्प्रेसरला बाधतो.

कट्ट्यावर एकाच युनिटची जागा आणि खोल्या दोन, अशी अडचण असेल तिथे मल्टी-स्प्लिट कामाला येतो. एक आउटडोअर, दोन किंवा तीन इनडोअर. तो महाग पडतो, आणि आउटडोअर बिघडले की सारे घर एकदम तापते. जागेची खरी अडचण नसेल तर दोन वेगळे स्प्लिट बरे. छतात बसणारे कॅसेट आणि डक्टवाले एसी बंगल्यांना आणि मोठ्या हॉलना शोभतात; साडेनऊ फूट उंचीच्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगसाठी फूटभर उंची देण्यात अर्थ नाही. चाकांवरचा पोर्टेबल एसी दिसायला सोयीचा असतो. पण एक नळी असलेला पोर्टेबल खोलीतलीच हवा बाहेर फेकतो, त्यामुळे तितकीच गरम, दमट हवा दाराखालून आत येते. कॉम्प्रेसरही खोलीतच. ज्या भाड्याच्या घरात मालक भिंतीला हातही लावू देत नाही, तेवढीच त्याची जागा.

यानंतर इन्व्हर्टर आणि स्टार. साधा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालतो किंवा पूर्ण बंद होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करत सतत चालत राहतो, म्हणून रात्रभराच्या वापरात वीज कमी खातो. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही. पंखे-ट्यूबसाठी घेतलेल्या बॅटरीवर हा एसी चालणार नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पट्टीवर 2018 पासून साधे आणि इन्व्हर्टर दोन्ही एसी एकाच मापाने मोजले जातात. वर्षातले 1600 तास आणि बाहेरचे 24 ते 43 अंश तापमान गृहीत धरून एसी जेवढी उष्णता उपसतो, तिला खाल्लेल्या विजेने भागून हा आकडा निघतो. पट्टीवर तो ‘आयएसईईआर’ म्हणून छापलेला असतो. जुलै 2022 पासूनच्या कोष्टकात स्प्लिटला पाच तारे मिळवायला हा आकडा किमान 5 लागत होता, तीन ताऱ्यांना 3.8. कोष्टक दर काही वर्षांनी कडक होते, त्यामुळे कालचा पाच तारे आज चार किंवा तीन होतो. तारे मोजण्याआधी पट्टीवरचे वर्ष वाचावे. आणखी एक मेख अशी की विंडो एसीचे कोष्टक वेगळे आणि सैल आहे. पाच ताऱ्यांचा विंडो हा पाच ताऱ्यांच्या स्प्लिटच्या बरोबरीचा नव्हे. कित्येकदा तो तीन ताऱ्यांच्या स्प्लिटपेक्षाही जास्त वीज खातो. दुकानात दोघांवर पाच तारे सारखेच चमकतात.

पाच ताऱ्यांसाठी जास्त पैसे मोजावेत का, हे वापराच्या तासांवर ठरते. पट्टीवर वर्षाची युनिटे लिहिलेली असतात. समजा, दीड टनाच्या तीन आणि पाच ताऱ्यांच्या स्प्लिटमध्ये वर्षाला 200 युनिटांचा फरक आहे आणि किमतीत 8,000 रुपयांचा. हा फरक 1600 तासांचा आहे. मार्च ते जून आणि ऑक्टोबर धरून 120 रात्री, आठ तास एसी चालला तर 960 तास होतात, म्हणजे फरक 120 युनिटांवर येतो. वरच्या टप्प्यातले युनिट सारे आकार धरून 15 रुपयांना पडते असे मानले, तर वर्षाला 1,800 रुपये वाचतात आणि वरचे पैसे साडेचार वर्षांत वसूल होतात. फक्त मे महिन्यात आणि पाहुणे आले की एसी लावणाऱ्या घरात हीच वसुली दहा वर्षांवर जाते. तिथे तीन तारे पुरे. घरी आजारी माणूस असेल, तान्हे मूल असेल किंवा दिवसा घरून काम चालत असेल, तर पाच ताऱ्यांवर फार विचार करू नये, घेऊन टाकावा.

दराचे ‘वरचे टप्पे’ हा महावितरणच्या बिलाचा स्वभाव आहे. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांवर पायऱ्या चढतात. पंखे, फ्रिज आणि टीव्हीवर दरमहा दीडशे-दोनशे युनिटे जाळणारे घर एसी आला की तिसऱ्या पायरीवर जाते, आणि 300 च्या पुढचे एसीचे प्रत्येक युनिट वरच्या दरानेच पडते. म्हणून हिशेब सरासरी दराने न करता बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने करावा.

एसीचे बटण 24 वर ठेवण्याचा आग्रह वीज वाचवण्याच्या गरजेतूनच आला. 2020 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या स्टार पट्टीच्या एसींना सुरू होताच 24 अंश दाखवणे बंधनकारक आहे. प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगते. ठाकुर्लीच्या हवेत 26 अंश आणि छताचा पंखा मंद, ही जोडी बहुतेकांना पुरते, कारण खरा त्रास घामाचा असतो आणि तो कोरड्या, हलत्या हवेने जातो.

वायरिंगकडे दुर्लक्ष झाल्यास बाकी सगळी निवड फुकट जाते. जुन्या इमारतींत एसीची कल्पना नसताना टाकलेल्या बारीक वायरी अजून भिंतीत आहेत. दीड टनाच्या एसीला मीटरपासून थेट येणारी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि खरेखुरे अर्थिंग हवे. गीझरच्या प्लगमध्ये दोन पिनांचा जुगाड करून एसी लावला की मे महिन्यात एखाद्या रात्री प्लग काळा पडतो. दोन एसी घ्यायचे असतील तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा. व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या गल्लीत कंपनीने ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ म्हटले, तरी ते किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, हे पुस्तिकेत पाहावे.

इन्व्हर्टर एसीचा नाजूक अवयव म्हणजे आउटडोअरमधला सर्किट बोर्ड. वीज जाऊन झटक्याने परत आली, पावसाचे पाणी शिरले किंवा उबेसाठी पाल आत जाऊन दोन टोकांना चिकटली, की बोर्ड जळतो. तो हजारो रुपयांना पडतो. जाहिरातीत कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी ठळक असते. विचारायचे ते बोर्डाच्या हमीबद्दल. दुसरा नाजूक भाग कॉइल. उल्हास नदीत आणि उघड्या नाल्यांत सांडपाणी कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तांबे या वायूने काळे पडते आणि हळूहळू खाल्ले जाते. नाल्याकाठच्या किंवा एमआयडीसीच्या बाजूच्या घरांत दर दोन वर्षांनी गॅस संपत असेल, तर त्यामागे हे कारण असू शकते. ‘गॅस संपला’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे, कारण एसीतला गॅस वापराने संपत नाही, तो गळतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. अशा वस्तीत कॉइलवर संरक्षक लेप असलेले मॉडेल घ्यावे. गॅस म्हणून आता बहुतेक ठिकाणी आर-32 मिळतो, काही मॉडेलांत आर-290. दुसरा हवामानाला फारच कमी अपायकारक, पण ज्वलनशील असल्याने जाणकाराच्याच हातात द्यावा. जुना आर-22 चा एसी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. तो गॅस बाजारातून बाहेर काढला जात आहे.

स्प्लिट कितीही चांगला असला तरी बसवणाऱ्याच्या हातावर त्याचे आयुष्य ठरते. पाईप जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने किमान पंधरा-वीस मिनिटे ओढून काढायची असते. मे महिन्यात दिवसाला सहा-सात घरे उरकणारा माणूस पंप आणतच नाही. थोडा गॅस सोडून हवा हुसकावतो आणि निघतो. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल तयार करते. त्याचा परिणाम हमी संपता संपता दिसतो. पंप आहे का, जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले का, हे उभे राहून पाहावे. फेब्रुवारीत खरेदी केली तर याच माणसाकडे वेळ असतो.

राहिली पाण्याची नळी. तिला इनडोअरपासून बाहेरपर्यंत सलग उतार हवा. मध्ये कुठे पोट आले की शेवाळ साचते आणि पाणी उलटे भिंतीवरून पलंगावर उतरते. बाहेरचे टोकही मोकळे सोडू नये. खालच्या घराच्या पत्र्यावर रात्रभर टपटप पडणाऱ्या थेंबांवरून सोसायटीच्या सभेत जितकी भांडणे होतात, तितकी पार्किंगवरूनही होत नसावीत. नळी पावसाच्या पाइपात सोडावी किंवा बादलीत घ्यावी. हे पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालते, पिण्याचे नाही. आतली जाळी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला घरीच नळाखाली धुवावी. पूर्ण सर्व्हिस वर्षातून दोनदा करावी, एक फेब्रुवारीत आणि एक पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरचा उकाडा सुरू होण्याआधी.